शब्द बरोबर, अर्थ चुकला

२ जानेवारी २०२४ च्या संध्याकाळी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपानी तटरक्षक दलाचे एक छोटे विमान निघण्याच्या तयारीत होते. आदल्याच दिवशी नोटो द्वीपकल्पात मोठा भूकंप झाला होता आणि भूकंपग्रस्तांसाठी मदतसामग्री घेऊन ते निगाताला जाणार होते. नियंत्रकाने रेडिओवरून सूचना दिली, ‘क्रमांक एक, सी-५ या थांब्यापर्यंत जा.’ विमानातून तीच सूचना परत म्हणून दाखवण्यात आली, वर आभारही मानले गेले. नियमानुसार संभाषण पूर्ण झाले. मात्र विमान थांब्यावर थांबलेच नाही. ते थेट धावपट्टीवर गेले आणि सुमारे ४० सेकंद तिथे उभे राहिले. तेवढ्यात उतरणारे जपान एअरलाइन्सचे एअरबस ए-३५० त्याच्यावर आदळले. पेटलेल्या त्या मोठ्या विमानातून सर्व ३७९ जण बाहेर पडू शकले. तटरक्षक विमानातल्या सहापैकी पाच जणांचा मृत्यू झाला.

यात ऐकण्याची चूक कुठेच नव्हती. नियंत्रकाच्या दृष्टीने ‘क्रमांक एक’ म्हणजे उड्डाणाच्या रांगेत पहिला. बचावलेल्या कॅप्टनची मात्र धावपट्टीवर जाण्याची परवानगी मिळाल्याचीच समजूत झाली होती. शब्द दोन्हीकडे सारखेच होते, अर्थ वेगळे झाले.

प्रवासी विमानात बसल्यापासून उड्डाण होईपर्यंत विमान जमिनीवर जे अंतर कापते, त्याला टॅक्सीइंग म्हणतात. प्रवाशाला हा प्रवासाचा सर्वांत कंटाळवाणा भाग वाटतो. वैमानिकाचे मात्र या वेळात एकाच वेळी अनेक गोष्टींकडे लक्ष असते. मोठ्या विमानतळावर टॅक्सीवेचे जाळे असते. त्यांना अक्षरे आणि आकडे दिलेले असतात, अनेक फाटे एकसारखे दिसतात आणि काही मार्ग धावपट्टीलाच छेदून जातात. कॉकपिटमधून मागचे दिसत नाही. धुके किंवा रात्र असेल तर नियंत्रण मनोऱ्यातूनही फारसे दिसत नाही. कोण कुठे आहे, हे दोघांनाही बरेचसे बोलण्यावरूनच कळते.

म्हणूनच सूचना परत म्हणून दाखवण्याचा नियम आहे. धावपट्टीवर जाणे, ती ओलांडणे किंवा तिच्या अलीकडे थांबणे, यापैकी कोणतीही सूचना वैमानिकाने उच्चारून दाखवलीच पाहिजे आणि नियंत्रकाने ती नीट ऐकून चूक असल्यास लगेच दुरुस्त केली पाहिजे. पण मेंदू ध्वनिमुद्रण यंत्रासारखा ऐकत नाही. गोंगाटात तुटक ऐकू आलेले शब्द तो संदर्भावरून आणि अपेक्षेवरून पूर्ण करतो. रेल्वेच्या फलाटावर कितीही गलका असला तरी आपल्या रोजच्या गाडीची घोषणा आपल्याला कळते, ती याच क्षमतेमुळे. एखाद्या दिवशी फलाट बदलला, तर मात्र ती घोषणा कानावर पडूनही सुटते. मेंदूने नेहमीचेच वाक्य ऐकलेले असते. दिवसभर तशाच सूचना देणाऱ्या आणि घेणाऱ्या माणसांचेही असेच होते. परत म्हटलेल्या वाक्यात एखादा शब्द गळला, तरी नियंत्रकाला स्वतःचे मूळ वाक्यच ऐकू आल्यासारखे वाटू शकते. एका दमात दिलेले तपशील वाढले की चुकाही वाढतात, हे रेडिओ संभाषणांच्या अभ्यासातून दिसून आले आहे.

मिलानच्या लिनाते विमानतळावर ८ ऑक्टोबर २००१ च्या सकाळी दाट धुके होते. एका छोट्या सेसना विमानाला आर-५ या मार्गाने उत्तरेकडे जायला आणि मुख्य धावपट्टीच्या ‘पुढच्या वाढीव भागा’पाशी थांबून कळवायला सांगण्यात आले. वैमानिकाने सूचना परत म्हटली, तेव्हा त्यातून ‘उत्तर’ आणि ‘वाढीव भाग’ हे दोन्ही गळले. उरले ते फक्त ‘मुख्य धावपट्टीपूर्वी कळवतो’. कोणी दुरुस्ती केली नाही. पुढे फाट्यावर विमान आर-५ ऐवजी आर-६ वर वळले. हा मार्ग थेट धावपट्टीकडे जात होता.

वैमानिकाने मधेच आपली जागा सांगितली : एस-४. जमिनीवर तसे रंगवलेलेही होते. पण नियंत्रकाच्या नकाशात हे नावच नव्हते. विमान आर-५ वर आहे, हे त्याने गृहीत धरले होते. अनोळखी खूण कानावर पडूनही त्या गृहीतकाला धक्का बसला नाही आणि विमानाला पुढे जायला सांगण्यात आले. विमानतळावरचे जुने जमिनीवरील रडार बंद झाले होते आणि नवे अजून सुरू व्हायचे होते. सेसना धावपट्टीवर पोहोचले तेव्हा स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सचे एमडी-८७ तिथून उड्डाणासाठी वेगात धावत होते. एकूण ११८ जण मृत्युमुखी पडले. दोन्ही विमानांतील सर्वजण त्यात होते, तसेच सामान हाताळणीच्या इमारतीत काम करणारे चौघेही.

त्याआधी २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरीफ बेटावर धुक्यातच दोन बोइंग ७४७ धावपट्टीवर धडकली होती आणि ५८३ जणांचा मृत्यू झाला होता. विमान अपघातांच्या इतिहासातील हा सर्वाधिक बळींचा अपघात. केएलएमच्या विमानातून नियंत्रकाला सांगण्यात आले, की ‘आम्ही आता टेकऑफवर आहोत’. विमान धावपट्टीच्या टोकाला तयार उभे आहे, असे नियंत्रकाला वाटले. प्रत्यक्षात ते धावू लागले होते. नियंत्रक ‘ओके’ म्हणाला आणि क्षणभर थांबून त्याने पुढे ‘टेकऑफसाठी थांबा, मी कळवतो’ असे सांगितले. नेमक्या त्याच वेळी पॅन अ‍ॅमच्या विमानातूनही ‘आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत’ असा संदेश गेला. विमानांच्या रेडिओवर एका वेळी एकालाच बोलता येते. दोघे एकदम बोलले की लहरी एकमेकींत मिसळून शिट्टीसारखा आवाज येतो. केएलएमच्या कॉकपिटमध्ये स्पष्ट पोहोचला तो फक्त ‘ओके’.

या अपघातानंतर जगभर बोलण्याची पद्धत बदलली. ‘टेकऑफ’ हा शब्द आता उड्डाणाची प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरतात, बाकी वेळी ‘डिपार्चर’ म्हणतात. ‘ओके’ म्हणणे पुरेसे मानले जात नाही. हानेदाच्या अपघातानंतर जपानने नियंत्रकांना रांगेतला क्रमांक सांगणे काही काळ थांबवायला लावले. धावपट्टी व्यापलेली असल्याचा इशारा त्या दिवशी मनोऱ्यातल्या पडद्यावर दिसत होता, पण तो नियंत्रकाच्या लक्षात आला नव्हता. तो पडदा सतत पाहण्यासाठी मग वेगळा माणूस नेमण्यात आला.

पण फक्त शब्द बदलून भागणार नाही. जी चूक कानात नसून समजुतीत आहे, ती पकडायला कानाबाहेरची साधने हवीत. धावपट्टीच्या तोंडाशी जमिनीत बसवलेली लाल दिव्यांची ओळ हे त्यातले सर्वांत सोपे साधन. ती पेटलेली असेल तर रेडिओवर काहीही ऐकू आले असले तरी पुढे जायचे नाही. अमेरिकेतील काही मोठ्या विमानतळांवर धावपट्टी व्यापलेली असताना असे दिवे नियंत्रकाची वाट न पाहता आपोआप लागतात. नव्या विमानांत टॅक्सीवेच्या नकाशावर आपले विमान कुठे आहे हे पडद्यावर दिसते. काही ठिकाणी मार्गाची सूचना लिखित स्वरूपातही मिळते, त्यामुळे ती लक्षात ठेवावी लागत नाही.

परत म्हणून दाखवण्याची ही पद्धत रुग्णालयांतही रुळली आहे. डॉक्टरांनी फोनवर सांगितलेले औषध आणि मात्रा परिचारिका लिहून घेते आणि वाचून दाखवते. लिनाते आणि हानेदाचा धडा तिथेही लागू पडतो. वाचून दाखवणे हा उपचार उरकण्यापुरता नको आणि पलीकडच्याने ते खरोखर ऐकायला हवे. सांगितलेली मात्रा विचित्र वाटली, तर तसे विचारण्याची मोकळीकही हवी.

टेनेरीफला हा प्रश्न विचारला गेला होता. केएलएमचे विमान वेग घेत असताना फ्लाइट इंजिनिअरने विचारले, की ते पॅन अ‍ॅमचे विमान अजून बाजूला झालेले नाही का? अनुभवी कॅप्टनने ठामपणे ‘झाले’ असे उत्तर दिले आणि विषय तिथेच संपला. निघायला आधीच बराच उशीर झाला होता आणि कर्मचाऱ्यांच्या कामाच्या तासांची मर्यादाही जवळ येत होती. आज वैमानिकांच्या प्रशिक्षणात या प्रश्नाला मोठे स्थान आहे. कनिष्ठाने शंका काढायची, वरिष्ठाने ती मनावर घ्यायची आणि खात्री होईपर्यंत विमान जागीच थांबवायचे, हे शिकवले जाते. त्यात काही मिनिटे जातात, मागे रांग लागते, इंधन जळते. धावपट्टीच्या तोंडाशी येऊन विमान रेंगाळले की प्रवासी घड्याळाकडे पाहू लागतात. त्या वेळी पुढे कॉकपिटमध्ये कदाचित कोणी तरी नियंत्रकाला तीच सूचना पुन्हा एकदा सांगायची विनंती करत असेल.