पस्तीस दिवसांनंतरचं घर

व्यसनमुक्ती केंद्राच्या दाखल-अर्जावर नाव, वय, कोणती नशा, किती वर्षं हे सगळं लिहून झालं की दोन रकाने उरतात: राहण्याचा पत्ता आणि सोबत आलेल्या नातेवाइकाचं नाव. मुंबईत डिलाईल रोडच्या पुलाखाली किंवा लोअर परळ स्टेशनच्या भिंतीला टेकून रात्र काढणाऱ्या माणसाकडे या दोन्हींचं उत्तर नसतं. त्याच्या उपचाराची खरी अडचण इथे सुरू होते. टर्की, म्हणजे नशा थांबल्यावरचा त्रास, तो कसाही काढतो. अनेकांनी ती पोलीस कोठडीत, औषधाशिवाय, दात आवळून काढलेली असते.

बिनकुटुंबाच्या पुरुषाला सांभाळायचं कसं, हे डिलाईल रोडला एके काळी चांगलं ठाऊक होतं. कोकणातून, घाटावरून गिरणीत आलेला गडी मुंबईत एकटाच असायचा. त्याचा आसरा म्हणजे गावकरी मंडळाची खोली. इथल्या बीडीडी चाळीतली खोली असते एकशे साठ चौरस फुटांची. अशा खोल्यांत एका गावचे वीस-वीस जण पाळ्यांप्रमाणे आळीपाळीने झोपत. वळकटी आणि ट्रंक एवढाच प्रत्येकाचा संसार. जेवण खानावळवाल्या बाईकडे, हिशेब पगाराच्या दिवशी. कुणी पगार दारूत उडवू लागला, तर खोलीतली वडीलधारी माणसं त्याला धारेवर धरत, आणि नाहीच ऐकलं तर गावाला पत्र जाई. त्या गर्दीत माणसाचे हाल होते, हे खरंच. पण तिथे तो बेपत्ता होऊ शकत नव्हता. संध्याकाळी आला नाही तर विचारणारं कुणीतरी होतं.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातले कितीतरी कधीच परत आत गेले नाहीत. पगारावर चालणारी खानावळ आणि खोलीची वर्गणी, दोन्हींचा कणा मोडला. नेमक्या याच दशकात मुंबईत गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, पसरला. पुडी, पन्नी, चेस करणं हे शब्द चाळींच्या जिन्यांखाली पोचले. संपामुळेच गर्द आला असं मी म्हणणार नाही. तो तर श्रीमंतांच्या कॉलेजांतही शिरला होता. पण पोराला सावरायला बापाच्या हातात जे काही होतं, ते याच काळात निसटत गेलं.

पत्रकार अनिल अवचटांनी तेव्हा गर्दच्या आहारी गेलेल्या मुलांमध्ये मिसळून त्यावर लिहिलं. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि व्यसनमुक्तीच्या कामासाठी त्यांनी एक लाख रुपये देऊ केले. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट पुण्याच्या येरवडा मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. २९ ऑगस्ट १९८६ला त्याच रुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ सुरू झालं. महाराष्ट्रातल्या निवासी व्यसनमुक्तीच्या कामाला वळण लावलं ते या संस्थेने, म्हणून तिच्यापाशी थोडं थांबतो.

मुक्तांगणचा मुक्काम पस्तीस दिवसांचा. पहिला आठवडा शरीराचा. गर्द थांबल्यावर आठ-बारा तासांत अंग मोडून येतं, नाक-डोळे वाहतात, पोटात पिळवटतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस होतो आणि आठ-दहा दिवसांत ओसरतं. दारूचं त्याहून धोक्याचं: अचानक बंद केली की फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भास, भ्रम आणि थरथर सुरू होऊ शकते आणि वेळीच औषध मिळालं नाही तर माणूस दगावूही शकतो. म्हणून हा आठवडा डॉक्टरांच्या नजरेखाली जायला हवा. त्यापुढचे दिवस मनाचे आणि सवयींचे: योगासनं, गटात बसून बोलणं, समुपदेशन, साफसफाईसारखी कामं. वर्षानुवर्षं फक्त पुडीच्या वेळा पाळणारा माणूस इथे जेवणाची, झोपेची वेळ पाळायला शिकतो.

डॉ. अनिता अवचटांना तिथे सगळे मॅडम म्हणत. कर्करोगाशी झुंजत त्या १९९७ला गेल्या; पुढे त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी काम हाती घेतलं. मॅडमनी दोन गोष्टी घट्ट रुजवल्या. एक, धाकाने कुणाची नशा सुटत नाही, मायेने सुटण्याची शक्यता तरी असते. दुसरी, बरा झालेला माणूसच नव्याने आलेल्याला सगळ्यात चांगलं समजून घेतो. म्हणून इथले कितीतरी कार्यकर्ते आणि समुपदेशक कधीकाळी पेशंट म्हणूनच आले होते. शिवाय घरच्यांनाही उपचारात सामील करून घेतलं. बायकांसाठी ‘सहचरी’ गट निघाला.

माझ्या मते मुक्तांगणचं मोठेपण घरच्यांना सोबत घेण्यात आहे आणि बेघर माणसाचा पेचही तिथेच आहे. अर्धा उपचार कुटुंबाच्या खांद्यावर असेल, तर कुटुंबच नसलेल्याने काय करायचं? छत्तिसाव्या दिवशी इतरांना न्यायला कुणीतरी येतं. याला जायचं असतं त्याच फूटपाथवर, जिथे पुडी देणाराही ओळखीचा आणि सोबत ओढणाराही. आणि हे जाणं जिवावर बेततं. महिनाभर नशा नसल्याने शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. पूर्वी रोज पचणारी मात्रा आता श्वास बंद पाडू शकते. उपचारानंतरचे आणि तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले आठवडे म्हणूनच सगळ्यात घातक. आणि तुरुंगही इथून दूर नाही: आर्थर रोड तुरुंग डिलाईल रोडच्या तोंडाशीच, सातरस्त्याजवळ आहे.

रस्त्यावरच्या माणसाकडे वळलेल्या संस्था मुंबईत आहेत. फादर जो परेरा यांनी १९८१मध्ये वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमधून ‘कृपा फाउंडेशन’ उभं केलं आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बारा पायऱ्यांना अय्यंगार योगाची जोड दिली. एल्ड्रेड टेलिस यांचा ‘संकल्प’ ट्रस्ट १९९५पासून फूटपाथवरच्या आणि सुई टोचून घेणाऱ्या नशेकरांसोबत काम करतो. जखमा धुणं, एचआयव्हीची तपासणी, जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी. ही गोळी म्हणजे एक नशा सोडून दुसरी लावणं, असा आक्षेप मी पुष्कळदा ऐकला आहे. मला तो पटत नाही. गोळीने टर्की थांबते, सुई सुटते, आणि माणसाला दिवसभर पुडीमागे धावावं लागत नाही. मोकळ्या झालेल्या त्या दिवसात त्याच्याशी कामाबद्दल बोलता येतं.

सरकारी आधारही कागदावर कमी नाही. अंमली पदार्थांच्या १९८५च्या कायद्यातलं कलम ६४-अ स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला किरकोळ गुन्ह्यांतून खटल्यापासून संरक्षण देतं. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनुसार शहरात दर लाख लोकसंख्येमागे एक बेघर निवारा हवा. पण निवाऱ्याच्या दारात नशेतल्या माणसाला थांबवतात आणि नशामुक्तीच्या दारात नातेवाईक विचारतात. दोन्ही दारं आपापल्या नियमाने बरोबर, आणि माणूस मधल्या रस्त्यावर. एम्सच्या २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत दारूच्या आहारी गेलेल्या अडतिसांपैकी एकालाच कसलातरी उपचार मिळाल्याचं दिसलं, दाखल होऊन उपचार तर एकशे ऐंशींत एकाला. तो आकडा घरोघरी जाऊन काढलेला आहे. ज्यांना घरच नाही, ते त्यात नाहीत.

२०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि अंमली पदार्थांमुळे होणारे आजारही येतात. त्याचं एकोणिसावं कलम सांगतं की कुटुंब नाही किंवा घर नाही एवढ्याच कारणाने कुणाला आरोग्यसंस्थेत अडकवून ठेवू नये. त्याच्यासाठी समाजात राहण्याची सोय, म्हणजे रुग्णालय आणि घर यांच्या मधल्या टप्प्याचा निवास (हाफवे होम), सरकारने उभी करावी. हा निवास म्हणजे मोठी इमारत असायला हवी असं नाही. दहा-बारा जणांची एखादी जागा, नशा सोडून काही वर्षं झालेला एक माणूस त्यांच्यासोबत राहणारा, सकाळी कामावर जाणं, संध्याकाळी गटात बसणं, आधार कार्ड आणि बँकेचं खातं काढायला कुणाचीतरी मदत, आणि मुक्काम पस्तीस दिवसांऐवजी वर्षभराचा. केईएम रुग्णालयाचा मानसोपचार विभाग डिलाईल रोडपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, म्हणजे औषध आणि तपासणीची सोय जवळच आहे. जागाही मिळू शकते. बीडीडी चाळींचा पुनर्विकास म्हाडा करते आहे, गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर उभे राहिले आहेत. या बांधकामात अशा दोन निवासांसाठी मजला राखून ठेवण्याची अट घालणं सरकारच्या हातात आहे, आणि ती आत्ताच घालायला हवी.