बटण आहे, अक्षरं कुठे?

नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा-तळोद्याकडच्या घरांत संध्याकाळी मालिका लागली की आवाजावरून कुरबुर ठरलेली. आजोबा म्हणतात वाढव, नातवंडं म्हणतात पुरे. वाढवूनही आजोबांचं भागत नाही, कारण वयाबरोबर आधी जातात ते उंच पट्टीतले आवाज. स, श, फ, त विरतात, स्वर तेवढे उरतात. पडद्यावरची ‘सासू’ कानात ‘आऊ’ होते. आवाज वाढवला तर ‘आऊ’ मोठ्याने ऐकू येते, इतकंच!

त्यापेक्षा आवाज कानाशी नेलेला बरा. टीव्हीला जोडलेला हेडफोन संवाद थेट कानात सोडतो. पंखा, भांडी, गप्पा बाहेर राहतात. ब्लूटूथचा असेल तर कधी कधी ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतो. अशा वेळी लांब वायरचा साधा हेडफोन परवडला.

ज्यांना अजिबात ऐकू येत नाही, त्यांचा भरवसा अक्षरांवर. अनेक रिमोटवर ‘सबटायटल’चं बटण असतं, पण चॅनेलने अक्षरं पाठवलीच नाहीत तर ते दाबून काय होणार? 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात सबटायटल आणि सांकेतिक भाषेची तरतूद आहे. त्यावर 11 सप्टेंबर 2019 रोजी माहिती व प्रसारण मंत्रालयाने मानकं काढली : टप्प्याटप्प्याने पाच वर्षांत निम्मे कार्यक्रम श्रवणबाधितांना कळतील असे करायचे. थेट प्रक्षेपणाला मात्र सूट.

नंदुरबारात अडचण आणखी एक पायरी खाली आहे. 2011च्या जनगणनेत जिल्ह्याची साक्षरता 64.38 टक्के होती, राज्याची 82.34. शिवाय घरात भिली, पावरी, मावची किंवा अहिराणी, आणि पडद्यावर प्रमाण मराठी. धडगावच्या पाड्यावरच्या कर्णबधिर मुलाने कधी न ऐकलेली भाषा वाचायची, तीही पळत्या पट्टीवर. त्याला हातांची भाषा जवळची. दूरदर्शन 1987पासून कर्णबधिरांसाठी बातम्या देतं, आणि 6 डिसेंबर 2024 रोजी ‘पीएम ई-विद्या’ या सरकारी शिक्षण-उपक्रमाचं 31 क्रमांकाचं चॅनेल भारतीय सांकेतिक भाषेसाठी सुरू झालं.

तरी अक्षरांना मोडीत काढू नये. अहमदाबादच्या आयआयएममधल्या ब्रिज कोठारींना 1996मध्ये सुचलं, की हिंदी गाण्याखाली हिंदीतच शब्द दाखवले तर अडखळत वाचणाऱ्यांचा सराव होईल. पुढे ‘चित्रहार’मध्ये ते उतरलं. म्हणजे कर्णबधिरांना लागणारी पट्टी नवसाक्षरांचीही पाटी झाली. हे गणित नंदुरबारइतकं दुसरीकडे क्वचितच जुळेल.

दृष्टी गेलेल्यांचं काय? 2019ची मानकं श्रवणबाधितांपुरतीच. कायद्यात ध्वनिवर्णनाचा उल्लेख आहे : संवादांच्या फटीत एक निवेदक पडद्यावरची हालचाल सांगतो. मराठी मालिकेत तर त्याची फारच गरज. ढँण ढँण ढँण वाजतं, कॅमेरा तीन चेहऱ्यांवर आपटतो, कुणी अक्षर बोलत नाही आणि भाग संपतो. नुसतं ऐकणाऱ्याला कोण दचकलं तेही कळत नाही. दुसऱ्या ध्वनिपट्टीवर हे वर्णन पाठवता येतं. क्रिकेट सामन्यात भाषा बदलायला लोक ‘ऑडिओ’चं बटण दाबतात, तीच वाट.

सध्या ते काम शेजारी बसलेलं नातवंड करतं, तेही घरच्या भाषेत : ‘‘आजी, तिनी चिठ्ठी फाडी टाकी!’’