काळा बोलपट आणि आपण

‘काळा’ हा शब्द आपल्याकडे बाजाराला लागतो, पैशाला लागतो, यादीलाही लागतो. बोलपटाला तो लावला फ्रेंचांनी. महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातील फ्रान्समध्ये अमेरिकन चित्रपट येणे बंद झाले होते. युद्धानंतर ते पॅरिसमध्ये एकदम आले, तेव्हा त्यांतील काहींचा अंधारलेला सूर पाहून नीनो फ्रँक या समीक्षकाने १९४६ मध्ये त्यांना ‘फिल्म न्वार’, म्हणजे काळा चित्रपट, म्हटले. ते काढणाऱ्यांना मात्र आपण एक नवा प्रकार जन्माला घालीत आहोत याचा पत्ताही नव्हता.

या प्रकाराचा उत्तम नमुना म्हणजे बिली वाइल्डरचा ‘डबल इन्डेम्निटी’ (१९४४). हे नाव विम्याच्या एका कलमाचे आहे. विशिष्ट अपघातात मृत्यू आला तर रक्कम दुप्पट मिळते. वॉल्टर नेफ हा विमा विकणारा पगारदार एका गिऱ्हाइकाच्या बायकोच्या नादी लागतो. दोघे मिळून नवऱ्याच्या नकळत त्याचा विमा उतरवतात, त्याचा खून करतात आणि तो आगगाडीतून पडून मेला असे भासवतात. पन्नास हजार डॉलरांचे एक लाख होणार असतात.

खुनी कोण, हे येथे आरंभीच कळते. जखमी नेफ रात्री कचेरीत येऊन ध्वनिमुद्रण यंत्रापुढे कबुली देतो. उत्सुकता उरते ती एवढीच, की हा सापळ्यात शिरला कसा? छायाचित्रकार जॉन साइट्झ खोलीत भरपूर उजेड पाडत नाही. खिडकीच्या पट्ट्यांतून आलेल्या प्रकाशाच्या रेघा माणसांच्या अंगावर गजांसारख्या पडतात. छायाप्रकाशाची ही रीत जर्मन चित्रपटांत १९२० नंतरच्या दशकात वाढली होती. हिटलरच्या राजवटीमुळे देशोधडीला लागलेले वाइल्डर, फ्रिट्झ लांग, रॉबर्ट सिओडमाक हे दिग्दर्शक पुढे हॉलिवुडात आले.

पण केवळ सावल्यांनी प्रेक्षक इतकी वर्षे बांधून राहत नाही. खून उरकल्यावर दोघे मोटारीत बसतात आणि मोटार सुरू होत नाही. त्या क्षणी आम्ही श्वास रोखून धरला. ती सुरू व्हावी असे आम्हांला मनापासून वाटले, आणि मागाहून त्याची लाज वाटली. या बोलपटांची ओढ येथे आहे. त्यांतला गुन्हेगार कोणी राक्षस नसतो. तो आपल्यासारखाच नोकरमाणूस असतो. नेफचा वरिष्ठ सहकारी कीज त्याला अधिक जबाबदारीचे काम देऊ करतो, तेही पगारात पन्नास डॉलरांची काट लावून! कामगारांच्या वतीने मालकांपुढे बसण्यात आमचे आयुष्य गेले. असा देकार आम्हांला अनोळखी नाही.

आमचे काही सहकारी म्हणतात, हे चित्र निराशेचे आहे, त्यात कोणी कोणाचा हात धरीत नाही. आक्षेप खरा आहे. नेफ एकट्याने कंपनीला फसवू पाहतो आणि एकटाच बुडतो. पण एकट्याची वाट कोठे जाते, हे इतके स्पष्ट दाखविणारी चित्रे थोडीच. ज्यूल्स डॅसिनच्या ‘थीव्ज हायवे’मध्ये (१९४९) तर सफरचंदे घेऊन सॅन फ्रान्सिस्कोला जाणारे ट्रकवाले आणि त्यांना लुबाडणारा अडत्या समोरासमोर उभे आहेत. ‘फोर्स ऑफ ईव्हिल’मध्ये (१९४८) अब्राहम पोलोन्स्कीने आकड्यांच्या जुगाराचा धंदा मोठ्या व्यापारासारखाच चाललेला दाखविला.

हॉलिवुडात कम्युनिस्टांचा शोध चालू होता, आणि पुढे या दोघांची नावे काळ्या यादीत गेली. डॅसिनला युरोप गाठावे लागले. पोलोन्स्कीला कित्येक वर्षे स्वतःच्या नावाने चित्रपट करता आला नाही.

श्रोत्यांना आमची विनंती एवढीच, की ‘डबल इन्डेम्निटी’ एकदा पाहावा, आणि ती मोटार सुरू होईना झाली म्हणजे आपण कोणाच्या बाजूला आहोत, आणि का, हे स्वतःलाच विचारावे.