संदेशाचा सापळा : बालाघाट प्रकरणाचा बोध

पूर्वी भामटा गावात येई तो पायी येई. त्याची बोली, पेहराव आणि आडनाव यांवरून चार जाणती माणसे त्यास पारखीत. आजचा भामटा उंबरठ्यावर येत नाही. तो बँक, वीज कंपनी, प्राप्तिकर खाते किंवा पोलीस ठाणे यांचे नाव घेऊन दोन ओळींच्या संदेशातून येतो आणि घरातील माणूस एकटा असता त्याच्याशी बोलतो. त्यास ओळखावयाचे कसे, आणि फसवणूक झालीच तर तातडीने करावयाचे काय, याची माहिती प्रत्येक कुटुंबास असणे अगत्याचे आहे.

साडेसहा लाखांचा प्रवास

वैनगंगेच्या काठी वसलेला मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्हा आपल्या गोंदिया व भंडारा जिल्ह्यांस लागून आहे. सीमेच्या दोन्ही बाजूंस सोयरीक आहे, बाजारहाट आहे आणि मराठी बोलणारी घरे आहेत. या जिल्ह्याचे नाव जून २०२१ मध्ये एका निराळ्याच कारणाने देशभर पोहोचले.

दि. ११ जून २०२१ रोजी राजस्थानातील उदयपूर येथील एका नागरिकाने साडेसहा लाख रुपयांची ऑनलाइन फसवणूक झाल्याची तक्रार केली. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या यंत्रणेने काही मिनिटांतच पैशाचा माग काढला. ती रक्कम तीन कार्डांवर जमा झाली होती आणि त्या कार्डांवरून ३३ नवे मोबाइल विकत घेण्यात आले होते. माल पोहोचविण्याचा पत्ता बालाघाटचा निघाला. तेथील पोलिसांनी संशयितास सर्व ३३ मोबाइलांसह ताब्यात घेतले. फसवणुकीचा फोन करणारा इसम मात्र झारखंडात होता. तपास पुढे सरकला तसे मध्य प्रदेश, झारखंड व आंध्र प्रदेश येथे मिळून आठ जण पकडले गेले आणि सुमारे ३०० नवे मोबाइल हस्तगत झाले. या जाळ्याचे धागे १८ राज्यांत पसरले असल्याचे शासनाने त्या वेळी जाहीर केले.

या प्रकरणाचा बोध असा की, संदेशाची फसवणूक ही एका चतुर माणसाची करामत नसून ती एक साखळी आहे. एक जण बोलतो, दुसरा खाते पुरवितो, तिसरा पैशाचा माल करतो आणि चौथा तो माल विकतो. उदयपूरचा पैसा बालाघाटात वस्तू होऊन पोहोचला. विलंब झाला असता तर ते मोबाइल विकले जाऊन पैशाची वाटही बुजली असती. म्हणून या संकटात सारा प्रश्न वेळेचा आहे. भामट्यास आपली घाई हवी असते. पैसे जाण्यापूर्वी आपण थांबावे आणि पैसे गेल्यावर मात्र क्षणाचाही विलंब लावू नये, हे या विषयाचे सार होय.

संदेश कसा पारखावा

खोट्या संदेशात बहुधा तीन गोष्टी एकत्र आढळतात : भय किंवा लोभ, थोडी मुदत, आणि काहीतरी कृती करण्याची आज्ञा. ‘आज रात्री वीज तोडली जाईल’, ‘खाते बंद होईल’, ‘शेतकरी योजनेचा हप्ता अडकला आहे’, ‘कराचा परतावा मंजूर झाला आहे’ असा मजकूर आणि त्याखाली एखादा क्रमांक किंवा दुवा दिसला की सावध व्हावे. खऱ्या कार्यालयाचे काम आपण तासभर थांबल्याने बिघडत नाही. भामट्याचे मात्र बिघडते.

दुसरी पारख पाठविणाऱ्याची. बँका व शासकीय कार्यालये यांचे संदेश साधारणतः नोंदणीकृत अक्षरी नावाने येतात. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२५ मध्ये केलेल्या तरतुदीनुसार या नावाच्या शेवटी पी, एस, टी किंवा जी असे अक्षर असते. त्यांचा अर्थ अनुक्रमे जाहिरात, सेवा, व्यवहार आणि शासन असा आहे. बँकेच्या नावाचा मजकूर एखाद्या खासगी दहा अंकी क्रमांकावरून आला तर तो संशयास्पद मानावा.

तिसरी पारख पत्त्याची. ई-मेलवर दिसणारे नाव कोणासही हवे तसे लिहिता येते. त्यामागील पूर्ण पत्ता उघडून पाहावा. संकेतस्थळाच्या नावात सुरुवातीस बँकेचे नाव कोणीही घालू शकतो, म्हणून पहिल्या तिरप्या रेषेच्या आधी ते नाव कोठे संपते हे पाहणे महत्त्वाचे. शासकीय स्थळांचा शेवट बहुधा ‘डॉट गव्ह डॉट इन’ असा असतो. बँकांनी आपली स्थळे ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या नावावर न्यावीत, असे निर्देश रिझर्व्ह बँकेने दिले होते. तरीही सर्वांत निर्धोक मार्ग म्हणजे संदेशातील दुवा न उघडता पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर आपण होऊन विचारणा करणे.

काही नियम कायमचे ध्यानी ठेवावेत. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीही लागत नाही. एकवेळचा संकेतांक, म्हणजे ओटीपी, बँकेचा खरा कर्मचारी विचारीत नाही. लग्नपत्रिका किंवा वाहनाचे चलन म्हणून आलेली ‘एपीके’ फाइल उघडू नये. ती मोबाइलमध्ये शिरून संदेश वाचू शकते. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून आपला पडदा त्यास दाखविणारे अॅप घेऊ नये. ‘डिजिटल अटक’ नावाची कोणतीही तरतूद भारतीय कायद्यात नाही.

फसवणूक झाल्यास

अशा वेळी लाजेने गप्प राहणे हे सर्वांत महाग पडते. तत्काळ १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करावा. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम व बँकेचे नाव जवळ ठेवावे. ही माहिती पैसे ज्या बँकेत गेले तेथे पाठविली जाते. रक्कम तेथे असल्यास ती रोखली जाते. पुढे गेली असल्यास सूचनाही पुढील बँकेकडे जाते. ही शर्यत पैसा रोखीत किंवा मालात बदलेपर्यंतच जिंकता येते. त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर रीतसर तक्रार नोंदवावी, आणि आपल्या बँकेसही कळवून पोच घ्यावी.

बँकेस कळविण्याचे महत्त्व कायदेशीरही आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाचे तत्त्व असे की, ग्राहकाने स्वतः गुप्त संकेतांक दिला असल्यास बँकेस कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे, आणि कळविल्यानंतरचे बँकेचे. चूक ग्राहकाची किंवा बँकेची नसून अन्यत्र असेल व तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले असेल, तर ग्राहकावर कोणताही भार पडत नाही. पैसे गेले नसले तरी संशयास्पद संदेशाची खबर ‘संचार साथी’ या केंद्रीय स्थळावरील ‘चक्षु’ सुविधेत देता येते.

साखळीतील कडी होऊ नका

बालाघाट प्रकरणाची दुसरी बाजूही विसरता येत नाही. दूर कोठे तरी लुटलेला पैसा कोणाच्या तरी खात्यातून आणि कोणाच्या तरी पत्त्यावरच येतो. काही शेकड्यांच्या मोबदल्यात खाते, एटीएम कार्ड किंवा सिमकार्ड वापरावयास मागणारे लोक गावोगाव आढळतात. रोजगाराच्या शोधातील तरुण आणि कॉलेजची मुले अशा मागणीस सहज बळी पडतात. खाते त्यांचे असल्याने पोलीस प्रथम त्यांच्याच दारी येतात. संगणकाच्या साह्याने तोतयेगिरी करून फसविण्यास माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६ ड अन्वये तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा आहे. आपल्या नावावर किती सिमकार्डे चालू आहेत, हेही ‘संचार साथी’वर पाहता येते, ते अधूनमधून पाहावे.

भामटा माणसास एकटे गाठतो, म्हणून उपायही एकट्याचा नसावा. वडीलधाऱ्यांनी पैशाचा संदेश आला की मुलाला किंवा सुनेला दाखवावा, आणि तरुणांनी तो न हसता, न रागावता वाचून द्यावा. पूर्वी गावच्या पारावर जी पारख होत असे, ती आता घराच्या ओसरीवर झाली पाहिजे. १९३० हा क्रमांक घरातील दिनदर्शिकेवर आजच लिहून ठेवावा.