कालदान आणि युद्धाने विस्थापित झालेली माणसे

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाची जी मीमांसा केली आहे, ती आमच्या वाचकांना सुपरिचित आहे. वृद्ध, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले ही परंपरागत कथा बाबासाहेबांनी बुद्धीला न पटणारी म्हणून बाजूस सारली. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात तंटा झाला, शाक्य संघाने युद्धाचा ठराव केला, सिद्धार्थाने त्यास विरोध केला आणि त्या विरोधाची किंमत म्हणून त्याने परिव्रज्या पत्करून देश सोडला, असे त्यांनी मांडले. या मांडणीप्रमाणे तथागतांच्या वाटचालीचा आरंभच युद्धापायी घर सुटण्यात आहे. अर्थात सिद्धार्थाने निवड केली होती. आजच्या निर्वासिताला ती संधी मिळत नाही. तरीही युद्धामुळे घरादाराला पारखा झालेला माणूस बौद्ध उपासकाला परका वाटू नये, याला एवढा आधार पुरेसा आहे.

भाषेचाही एक विशेष येथे नोंदवावासा वाटतो. मराठीत आपण ‘निर्वासित’ म्हणतो, म्हणजे वस्तीतून हाकलला गेलेला. हिंदीत ‘शरणार्थी’ म्हणतात, म्हणजे आश्रय मागणारा. एका शब्दात त्याच्यावर काय गुदरले ते आहे, दुसऱ्यात त्याला काय हवे आहे ते. दररोज तिसरण म्हणणाऱ्यांना दुसऱ्या शब्दाचा अर्थ अधिक जवळून कळावा.

युद्धे दूरच्या देशांत होतात, निर्णय सरकारे घेतात. मग शिक्षक, कारकून, कामगार, गृहिणी अशा सामान्य उपासक-उपासिकांनी काय करायचे, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर शोधताना आम्हांला अंगुत्तर निकायाच्या पञ्चक निपातातील कालदान सुत्ताचे साहाय्य घ्यावेसे वाटते. योग्य वेळी दिलेल्या दानाचे पाच प्रकार भगवंतांनी तेथे सांगितले आहेत : आलेल्याला दान, जाणाऱ्याला दान, आजाऱ्याला दान, दुष्काळात दान आणि नव्या पिकाचे, नव्या फळांचे पहिले दान शीलवंतांना. पाचवा प्रकार येथे बाजूला ठेवू. पहिले चार प्रकार वाचताना मात्र निर्वासितांच्या छावणीचा संपूर्ण क्रमच डोळ्यांपुढे उभा राहतो.

आगंतुकाला दान म्हणजे काय, हे कंबोडियाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. १७ एप्रिल १९७५ रोजी खमेर रूजने नॉम पेन्ह ताब्यात घेतले. पुढील पावणेचार वर्षांत उपासमार, रोगराई, वेठबिगार आणि हत्या यांत सुमारे १७ लाख माणसे मेली. देशाची लोकसंख्या तेव्हा ८० लाखांच्याही आत होती. विहार उद्ध्वस्त झाले, भिक्खूंना चीवर उतरवावयास लावले गेले. ७ जानेवारी १९७९ रोजी व्हिएतनामच्या सैन्याने राजधानी घेतल्यावर लाखो लोक थायलंडच्या सीमेकडे निघाले. तेथे आरंभी त्यांचे स्वागत झाले नाही. जून १९७९ मध्ये थायी सैन्याने चाळीस हजारांहून अधिक माणसांना प्रेआह विहिआरजवळच्या डोंगरकड्यावरून खाली, सुरुंग पेरलेल्या प्रदेशात, परत लोटले. पुढे ऑक्टोबरमध्ये सा-केओ आणि नोव्हेंबरमध्ये खाव-इ-दांग या छावण्या उघडल्या, त्या जगभर झालेल्या ओरडीनंतर.

या छावण्यांत एक खमेर भिक्खू आले. महाघोसानंद हे त्यांचे नाव. आमच्या वाचकांना त्यांच्याविषयी जिव्हाळा वाटावा असे एक कारण म्हणजे त्यांचे उच्च शिक्षण भारतात, बिहारमधील नालंदा येथे झाले होते. कंबोडियात संहार चालू असताना ते थायलंडच्या अरण्यविहारात साधना करीत होते. त्यांचे कुटुंबीय त्या संहारात नष्ट झाले. छावणीत येताना त्यांनी मेत्तसुत्ताच्या छापील प्रती आणल्या आणि त्या हाती देत ते चालू लागले. कित्येक वर्षांत चीवर न पाहिलेली माणसे त्यांच्याभोवती जमली आणि रडू लागली. वैराने वैर शमत नाही, हे सांगणारी धम्मपदाच्या यमकवग्गातील गाथा त्यांनी म्हटली, तेव्हा समोर बसलेल्यांत छळ सोसलेले होते, तसेच खमेर रूजचे लोकही होते. सा-केओत तर त्यांचीच संख्या मोठी होती. त्यानंतर त्यांनी छावण्यांतून बांबूच्या साध्या झोपड्यांचे विहार उभे केले.

येथे कोणी म्हणेल की, उपाशी माणसाला भात द्यावा, सुत्त काय कामाचे? आक्षेप रास्त आहे, आणि भात पोहोचलाच नसता तर आम्हीही तेच म्हटले असते. परंतु भात आंतरराष्ट्रीय संस्थांकडून येत होता. आपल्या भाषेत बोलणारे, मेलेल्यांचे स्मरण करू देणारे, नावाने हाक मारणारे कोणी त्या माणसांजवळ नव्हते, आणि ते ट्रकातून येणारे सामान नव्हते. नुकत्याच आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात अन्न, पाणी, पांघरूण लागते. त्याबरोबर आपली माणसे कोठे आहेत हे कळावयास हवे असते. रेडक्रॉसने त्या सीमेवर हरवलेल्यांचा शोध घेण्याचे आणि नातेवाइकांची पत्रे पोहोचविण्याचे काम चालविले होते. ज्याला दुभाष्याचे, पत्रलेखनाचे, नावे नीट नोंदविण्याचे काम येते, त्याच्या हातचे दान धान्याच्या पोत्याहून कमी नाही.

वस्तुरूप मदतीविषयी मात्र थोडे कठोर बोलावे लागेल. कोठेही आपत्ती आली की आपल्या वस्त्यांतून जुन्या कपड्यांची गाठोडी जमा होतात. त्यांत फाटके, बटणे नसलेले, धुतलेही नसलेले कपडे असतात. ती वर्गवारी करण्यात कार्यकर्त्यांचे दिवस जातात आणि वाहतुकीला पैसे पडतात. याच पञ्चक निपातात असत्पुरुषाचे दान कसे असते तेही सांगितले आहे : तो आदराशिवाय देतो, स्वतःच्या हाताने देत नाही आणि टाकून द्यावयाचे तेच देतो. गाठोडे बांधण्यापूर्वी एवढे आठवावे. ज्यांना दूरवर मदत पाठवावयाची आहे त्यांनी पैसाच पाठवावा, नोंदणीकृत संस्थेकडे, पावती घेऊन. शक्य असेल तर एकदा मोठी रक्कम देण्याऐवजी दरमहा थोडी द्यावी, कारण वृत्तपत्रांतील मथळे महिन्याभरात जातात आणि छावण्या वर्षानुवर्षे राहतात. खाव-इ-दांग १९७९ मध्ये उघडली आणि १९९३ मध्ये बंद झाली.

आजाऱ्याच्या दानासंबंधी बोलावयाचे तर आपल्याच देशातील उदाहरण पुरेसे आहे. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. पश्चिम बंगालमधील बनगाव येथे कॉलऱ्याची साथ पसरली. शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीश यांनी साखर (ग्लुकोज), मीठ आणि खाण्याचा सोडा यांचे पाण्यातील द्रावण पिंपांत भरून ठेवले, आणि रुग्णांच्या नातेवाइकांनीच ते भांड्याने काढून पाजावे अशी व्यवस्था केली. मृत्यूचे प्रमाण शेकडा ३० च्या आसपास होते, ते शेकडा ४ च्याही खाली आले. औषध शास्त्रज्ञाचे होते, पण पाजणारे हात बहीण, आई, शेजारी यांचे होते. आज जीवनजलाच्या पुड्या सर्वत्र मिळतात. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ (चमचा चहाचा) हे प्रमाण प्रत्येक उपासिकेला पाठ असावे. मीठ अधिक पडले तर अपाय होतो, म्हणून अंदाजाने टाकू नये.

त्याच वर्षी भारत सरकारने टपालावर पाच पैशांचे निर्वासित साहाय्य तिकीट लावणे आवश्यक केले होते. पत्र लिहिणाऱ्या प्रत्येकाचा त्यात वाटा होता, मग त्याला त्याची जाणीव असो वा नसो.

दान दिले म्हणजे ते पोहोचले असे होत नाही. हे बाबासाहेबांनी फाळणीच्या काळात सर्वांत आधी ओळखले होते. डिसेंबर १९४७ मध्ये त्यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून अनुसूचित जातींच्या निर्वासितांची दैना त्यांच्यापुढे मांडली. सफाईचे काम बंद पडेल म्हणून पाकिस्तानात त्यांना अडवून ठेवले जात होते; आणि जे इकडे पोहोचत होते त्यांना मदत छावण्यांतही भेदभाव सोसावा लागत होता. घर गेले, गाव गेले, देश बदलला, तरी जात छावणीच्या दारात हजर होती. म्हणून छावणीत काम करणाऱ्या बौद्ध कार्यकर्त्याने पहिल्या दिवशी एकच गोष्ट पाहावी : रांगेत शेवटी कोण उभे आहे, आणि रांगेत कोण आलेच नाही. विधवा, एकटी मुले, अपंग, त्या समाजात हलके मानले गेलेले लोक हे नोंदवहीतून गळतात. थायी सीमेवर तांदूळ कुटुंबप्रमुखांच्या व छावणीतील सेनानायकांच्या हाती दिला, तेव्हा तो सैनिकांकडे वळत होता. १९८० पासून काही छावण्यांत तो थेट स्त्रिया आणि मुली यांनाच वाटावयास सुरुवात झाली, तेव्हा चुलीपर्यंत अधिक धान्य पोहोचू लागले. वाटपाची पद्धत बदलणे हेही दानच आहे, किंबहुना आमच्या मते ते अधिक अवघड दान आहे.

आपल्या देशातील स्थितीही ध्यानात घ्यावी. निर्वासितांसंबंधीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताची स्वाक्षरी नाही. त्यामुळे येथे आलेल्या निर्वासिताचे जगणे बरेचसे शासनाच्या धोरणावर आणि शेजाऱ्यांच्या वागणुकीवर अवलंबून राहते. मात्र १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अरुणाचल प्रदेशातील चकमांच्या प्रकरणात स्पष्ट केले की, जीविताच्या संरक्षणाचा संविधानातील हक्क नागरिक नसलेल्यांनाही आहे. चकमा हे बहुसंख्येने बौद्ध. त्यांच्याविषयी आपल्या विहारांतून फारसे बोलले जात नाही, ही खेदाची गोष्ट आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता बळकावल्यानंतर तेथून हजारो लोक मिझोराममध्ये आले, तेव्हा गावकऱ्यांनी, चर्चमंडळांनी आणि तरुणांच्या संघटनांनी निवारे बांधले, तांदूळ गोळा केला. त्या गावांची सांपत्तिक स्थिती आपल्या वस्त्यांहून फार वेगळी नाही.

आणि एक कटू गोष्ट टाळता येणार नाही. ऑगस्ट २०१७ नंतर म्यानमारमधून सात लाखांहून अधिक रोहिंग्या मुसलमान बांगलादेशात पळाले. ज्या देशातून ते पळाले तो बौद्धबहुल, आणि त्यांच्याविरुद्ध द्वेष पसरविणाऱ्यांत काही चीवरधारीही होते. उखिया आणि टेकनाफ येथील गरीब ग्रामस्थांनी पहिल्या दिवसांत त्यांना आपल्या घरातले अन्न दिले. बावीस प्रतिज्ञांतील दयेची प्रतिज्ञा सर्व प्राणिमात्रांविषयी आहे. तीत धर्माची अट घातलेली नाही. सा-केओत महाघोसानंदांनी छळणाऱ्यालाही मेत्तसुत्ताची प्रत दिली, तर छळल्या गेलेल्याला आपण कोणत्या तोंडाने नाकारावे?

एकट्याने न जमणारे काम पाच जणांनी कसे होते, याचा नमुना कॅनडात दिसला. १९७९-८० मध्ये इंडोचायनातून त्या देशाने जे सुमारे ६० हजार निर्वासित स्वीकारले, त्यांतील निम्म्याहून अधिक लोकांची जबाबदारी खाजगी गटांनी उचलली होती. पाच शेजारी किंवा एखादे चर्चमंडळ एकत्र येई आणि एका कुटुंबाचा वर्षभराचा खर्च, घर, भाषाशिक्षण, मुलांची शाळा पाही. आपल्याकडे असा कायदा नाही. परकीय व्यक्तीला घरी ठेवण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घेणे आवश्यक आहे. परंतु एखाद्या विहाराने एका निर्वासित कुटुंबातील मुलांची शिकवणी, दवाखान्यात सोबत, कार्यालयांतील अर्ज एवढे वर्षभर अंगावर घ्यावे, यास कोणाची आडकाठी नाही.

राहिले जाणाऱ्याचे दान. याकडे सर्वांचे सर्वाधिक दुर्लक्ष होते. डिसेंबर १९७९ पासून नोंग चान येथे मदतकार्यातील काही तरुणांच्या कल्पनेतून एक वेगळे वाटप सुरू झाले. कंबोडियाच्या आतील भागातून बैलगाड्या आणि सायकली घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यांना तांदूळ दिला जाई आणि ते आपल्या गावी परत जात. १९८० च्या पेरणीपूर्वी बियाण्याचे भातही असेच दिले गेले. त्यामुळे कित्येकांना छावणीत राहण्याची वेळच आली नाही.

शांतता करारानंतर १९९२ च्या मार्चपासून सीमेवरील साडेतीन लाखांहून अधिक निर्वासित बसगाड्यांतून परत नेले जाऊ लागले. शेतजमीन किंवा रोख रक्कम असे पर्याय त्यांच्यापुढे होते. सुरुंगविरहित जमीन पुरेशी नसल्याने बहुतेकांनी रोख घेतली. त्याच एप्रिलमध्ये महाघोसानंदांनी धम्मयात्रा काढली. शंभरावर निर्वासित, भिक्खू, उपासिका सीमेपासून नॉम पेन्हपर्यंत महिनाभर पायी चालत गेले. राजधानीत पोहोचेपर्यंत ही संख्या हजारापुढे गेली होती. रस्त्याच्या कडेला सुरुंग होते आणि काही भागांत चकमकी थांबल्या नव्हत्या. वाटेतील खेड्यांतले लोक पाण्याने भरलेली भांडी घेऊन उभे राहत आणि चालणाऱ्यांना जेवू घालीत. त्या रांगांत उभ्या असलेल्यांपैकी काहींना चालणाऱ्यांत आपला भाऊ, आपली आई सापडली. ती मेली असे समजून ते तेरा वर्षे जगत होते.