पागोळ्यांचे पाणी जपताना



पावसाळ्यात जावळी-पाटणच्या डोंगरात ओढे गढूळ होतात, म्हणून वाड्यावस्त्यांवर पागोळ्यांखाली पिंप लावतात. जत-आटपाडीकडे पाऊसच थोडा. तिथे तर हंडाभर पाणीही मोलाचे.

पावसाचे पाणी मुळात स्वच्छ असते. ते बिघडते छपरावर आणि घरात. पहिल्या एक-दोन सरींचे पाणी वाहू द्यावे. त्यात धूळ, पाला आणि पक्ष्यांची विष्ठा असते. नंतरचे पाणी दुहेरी फडक्याने गाळावे. गाळल्याने कचरा जातो, जंतू जात नाहीत. म्हणून पिण्याचे पाणी उकळावे, किंवा क्लोरीनची गोळी वेष्टनावरील प्रमाणात टाकून अर्धा तास थांबावे.

एवढे करूनही तांब्याबरोबर बोटे बुडाली, तर लेकरांना जुलाब लागतात. म्हणून लांब दांड्याचे ओगराळेच वापरावे. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा लागतो. त्यासाठी पिंप घट्ट झाकावे आणि आठवड्यातून एकदा रिकामे करून, घासून कोरडे करावे.

पिंप भेट देणाऱ्यांना एक विनंती: रसायनांचे जुने पिंप, कितीही धुतलेले असले तरी, पाण्यासाठी देऊ नका. आणि पिंपासोबत झाकण व ओगराळेही द्या.