मत्स्यालयातील वनस्पती : संज्ञा, स्वभाव आणि संगोपन

गोड्या पाण्याच्या काचपेटीत जिवंत वनस्पती वाढवू पाहणाऱ्यांची एक तक्रार नेहमीची आहे. वनस्पती विकत आणावी, वाळूत रोवावी आणि महिन्याभरात तिची पाने कुजून जावीत. तिच्या जागी काचेवर व दगडांवर हिरवा चिकट थर मात्र जोमाने वाढावा. ह्या अपयशाची कारणे वनस्पतिशास्त्रीय आहेत हे उघडच आहे. परंतु त्यांतील काही कारणे आपण वापरीत असलेल्या शब्दांतही दडलेली आहेत, असे प्रस्तुत लेखकास वाटते. एकाच नावाखाली दोन भिन्न वस्तू आल्या म्हणजे त्यांची निगाही एकच होऊ लागते, आणि त्यांतील एकीला ती निश्चितच मानवत नाही. ही गोष्ट स्पष्ट करणे, आणि त्या अनुषंगाने जलवनस्पतींच्या संगोपनाची मूलतत्त्वे मांडणे, हा ह्या लेखाचा हेतू आहे.

प्रथम ‘मत्स्यालय’ हा शब्दच घेऊ. इंग्रजीतील ‘ॲक्वेरियम’ हा शब्द फिलिप गॉस ह्याच्या १८५४ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच नावाच्या ग्रंथामुळे रूढ झाला. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ गुरांना पाणी पाजण्याची जागा असा होता. त्यात माशाचा उल्लेख नाही, केवळ पाण्याचा आहे. मराठीने केलेला प्रतिशब्द मात्र घर माशांच्या नावे करून देतो. मुंबईत १९५१ साली उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयामुळे हा शब्द महाराष्ट्रात घरोघर पोचला. त्याचा परिणाम असा की वनस्पती ही त्या घरातील सजावट ठरली. सजावटीला भूक नसते, ऋतू नसतो आणि आजारही नसतो; म्हणून तिची चौकशी कोणी करीत नाही.

काचपेटीचा इतिहास वस्तुतः वनस्पतीपासूनच सुरू होतो. रॉबर्ट वॉरिंग्टन ह्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८५० साली लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे आपला प्रयोग मांडला. त्याने एका मोठ्या काचपात्रात दोन सोनमासे आणि वल्लिस्नेरिया ही पाण्यात बुडून वाढणारी वनस्पती ठेवली होती. माशांनी सोडलेला कर्बवायू वनस्पतीने घ्यावा व वनस्पतीने सोडलेला प्राणवायू माशांना मिळावा, ही त्यामागील कल्पना. काही काळाने जुनी पाने कुजून पाणी गढुळले. तेव्हा त्याने त्यात गोगलगायी सोडल्या, आणि त्यांनी कुजकी पाने खाऊन टाकताच पाणी पुन्हा निवळले. म्हणजे पहिल्या शास्त्रीय काचपेटीत मासा, वनस्पती आणि सफाई करणारा जीव हे तिघेही समान भागीदार होते. एकट्या माशाचे ते आलय नव्हते.

दुसरा शब्द ‘शेवाळ’. विहिरीच्या पायऱ्यांवरील निसरडा थर, तळ्यातील हिरवे तंतू, पावसाळ्यात भिंतीवर उगवणारी मखमल आणि पाण्यात लवलवणारी हायड्रिला अथवा वल्लिस्नेरिया ह्या साऱ्यांना आपण बोलताना बेलाशक शेवाळच म्हणतो. ही सरमिसळ आजची नाही. अमरकोशात ‘शैवाल’ आणि ‘जलनीली’ हे शब्द पर्याय म्हणून येतात. तर मोनियर-विल्यम्स ह्याने आपल्या संस्कृत कोशात ‘शैवल’ ह्या शब्दाखाली ब्लिक्सा ऑक्टॅन्ड्रा ही वनस्पती दिली आहे, जी मुळे, पाने व फुले असलेली सपुष्प वनस्पती आहे. तिच्या कुळातील एक जात आज जगभरच्या काचपेट्यांत हौसेने लावली जाते, हा योगायोग मनोरंजक आहे. मराठी विश्वकोशाने ‘शैवले’ आणि ‘शेवाळी’ अशा दोन संज्ञा वेगळ्या केल्या. पहिली मुळे-खोड-पाने नसलेल्या साध्या जलजीवांसाठी, दुसरी भिंतीवरील मखमलीसारख्या हरितवर्गासाठी. मात्र सपुष्प जलवनस्पतींना बोलीत स्वतंत्र नाव मिळाले नाही ते नाहीच.

ह्या एका शब्दाची किंमत काचपेटीत मोजावी लागते. शैवल आणि सपुष्प जलवनस्पती हे परस्परांचे प्रतिस्पर्धी आहेत. दोघांनाही तोच प्रकाश व तेच क्षार हवे असतात. शैवल मारण्यासाठी पाण्यात ताम्रयुक्त औषध टाकणारा मनुष्य वनस्पतीलाही इजा करतो आणि गोगलगायींचा तर नाशच करतो. उलट, ‘शेवाळ वाढले म्हणजे वनस्पतींना सारे काही भरपूर मिळते आहे’ अशी समजूत करून घेणाराही फसतो. शैवलाची वाढ ही बहुधा सपुष्प वनस्पती उपाशी असल्याची खूण असते. तिला एखादा घटक कमी पडल्यामुळे ती उरलेले घटक वापरू शकत नाही, आणि ते शैवलाच्या पदरात पडतात.

हे समजण्यासाठी न्यूनतम घटकाचा सिद्धान्त ध्यानी घ्यावा लागतो. श्प्रेंगेल ह्याने १८२८ साली सूचित केलेला व लीबिख ह्याने १८४० नंतर प्रसिद्धीस आणलेला हा सिद्धान्त असा की पिकाची वाढ मुबलक घटकांवर अवलंबून नसून सर्वांत तुटपुंज्या घटकावर अवलंबून असते. शेतात हा घटक पुष्कळदा नत्र असतो. पाण्याखाली तो बहुधा कर्ब असतो. वायूचे अणुरेणू हवेत जितक्या वेगाने पसरतात त्याच्या सुमारे दहा हजारांश वेगाने ते पाण्यात पसरतात. शिवाय हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात, लिटरमागे, अर्ध्या मिलिग्रॅमहून थोडाच अधिक कर्बवायू असतो. अशा स्थितीत दिव्याची शक्ती दुप्पट केली तर वनस्पतीची वाढ दुप्पट होत नाही. तिची टंचाई मात्र दुप्पट जाणवते आणि शैवलाचे फावते. म्हणून कर्बवायूचा वेगळा पुरवठा नसेल तर प्रकाश मध्यम असावा, दिवसाकाठी सात ते आठ तास असावा, आणि खिडकीतून येणारे थेट ऊन काचेवर पडू नये. पाणी मंद गतीने हलते ठेवल्यास पानांभोवतालचा स्थिर पापुद्रा पातळ होऊन कर्ब अधिक सुलभतेने पोचतो.

सर्व जातींची कर्ब मिळविण्याची रीत सारखी नसते. हायड्रिला व वल्लिस्नेरिया ह्या पाण्यातील बायकार्बोनेटमधूनही कर्ब काढून घेऊ शकतात. हायड्रिला तर उष्ण व कर्बन्यून पाण्यात आपली प्रकाशसंश्लेषणाची पद्धतच बदलून ऊस-मक्याच्या पद्धतीसारखी करून घेते. नवशिक्याने आरंभ ह्या काटक जातींनी करावा असा सल्ला देतात, त्याचे मर्म हेच होय. पाण्यावर तरंगणाऱ्या वनस्पतींना कर्ब हवेतूनच मिळतो. त्यामुळे त्या झपाट्याने वाढतात, पाण्यातील नत्र शोषून घेतात आणि सावली धरून शैवलास आवर घालतात. परंतु त्यांनी अर्ध्याहून अधिक पृष्ठभाग व्यापला की खालच्या वनस्पती अंधारात पडतात, हे विसरू नये.

क्षारांचा विचार पुढे येतो. माशांची विष्ठा व उरलेले खाद्य ह्यांतून नत्र व स्फुरद पुरेसे मिळतात. पालाश आणि लोह मात्र पुष्कळदा कमी पडतात. उणीव कोणत्या घटकाची आहे हे पानांचे वय सांगते. नत्र, पालाश व मॅग्नेशियम ही द्रव्ये वनस्पती जुन्या पानांतून काढून नव्या पानांकडे नेऊ शकते. म्हणून त्यांची टंचाई प्रथम जुन्या पानांवर पिवळेपणाने किंवा छिद्रांनी प्रकट होते. लोह असे हलविता येत नाही; म्हणून त्याच्या अभावी कोवळी पानेच फिकट होतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. रोगी पान जुने की नवे, एवढे पाहूनच निम्मे निदान होते.

लोहासंबंधी एक गोष्ट कोकणच्या वाचकास विशेष वाटेल. युरोपातील अभ्यासकांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काचपेटीच्या तळाच्या वाळूत लॅटेराइट मिसळण्याची प्रथा पाडली. हा लॅटेराइट म्हणजे आपला जांभा. फ्रान्सिस बुकॅनन ह्याने १८०७ साली मलबारातील प्रवासवर्णनात त्याला ते लॅटिन नाव दिले. रत्नागिरी-सिंधुदुर्गातील घरे त्याआधी कितीतरी काळ त्याच दगडाने बांधली जात होती. लोहाने समृद्ध असलेला हा दगड कुटून, धुऊन, दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या वाळूच्या थराखाली पातळ पसरावा. तेथे प्राणवायू कमी असल्याने लोह मुळांना घेता येईल अशा रूपात येते. वाळूची एकूण खोली पाच ते सात सेंटिमीटर असावी.

लावणीत चूक होते ती बहुधा वनस्पतीचा स्वभाव न ओळखल्यामुळे. वल्लिस्नेरिया व क्रिप्टोकोराइन ह्या मुळांवाटे पोसणाऱ्या आहेत. त्यांची मुळे वाळूत असावीत, पण जेथून पाने फुटतात तो गाभा उघडा राहावा. अनुबियाससारख्या वनस्पतीचे आडवे खोड वाळूत पुरले तर कुजते. ते दगडास वा लाकडास दोऱ्याने बांधावे. बाजारातील पुष्कळ वनस्पती पाण्याबाहेर दमट हवेत वाढविलेल्या असतात. पाण्यात बुडविताच त्या हवेतील पाने टाकून निराळ्या आकाराची जलपर्णे धारण करू लागतात. पहिल्या तीन-चार आठवड्यांतील ही पडझड मृत्यू नसून वेशांतर असते; खोड व मुळे टणक असतील तर वनस्पती उपटून टाकू नये.

नावांचा घोळ येथेही आडवा येतो. ‘ब्राह्मी’ ह्या एकाच नावाने दोन वनस्पती ओळखल्या जातात. त्यांपैकी बकोपा, जिला नीरब्राह्मी असेही म्हणतात, ती पाण्याखाली उत्तम जगते; गोल पानांची सेंटेला ही दलदलीची असून कायम बुडवून ठेवल्यास सहसा टिकत नाही. ब्राह्मी पाण्यात वाढते असे ऐकून दुसरीच आणणाऱ्याच्या पदरी निराशा येणारच.

नळाच्या पाण्यातील क्लोरीन उघड्या भांड्यात एक दिवस ठेवल्याने निघून जातो. क्लोरामाइन असल्यास तसे होत नाही, तेथे सोडियम थायोसल्फेटचा उपयोग करावा लागतो. आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलणे इष्ट. ठाणे जिल्ह्याच्या उन्हाळ्यात अधिक दक्षता हवी. २० अंश सेल्सियसला लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांस साडेसात. आणि त्याच वेळी वनस्पतींचे व माशांचे श्वसन वाढलेले असते. रात्री वनस्पतीही प्राणवायू खर्च करतात. म्हणून दाट लावणीच्या काचपेटीत मासे पहाटे पृष्ठभागी येऊन तोंड उघडमीट करू लागले, तर रात्री हवा सोडण्याची व्यवस्था करावी आणि छाटणी करावी.

आता ह्या विषयातील खरी हानी कोठे आहे ते पाहू. भिवंडी तालुक्यातील राहनाळ, काल्हेर, पूर्णा ह्या पट्ट्यात भातखाचरांच्या जागी गोदामे उभी राहिली आहेत. काचपेटीच्या बाजारात परक्या नावांनी विकल्या जाणाऱ्या कितीतरी वनस्पती, उदाहरणार्थ रोटाला व लिम्नोफिला ह्यांच्या जाती, मूळच्या अशाच खाचरांतील व ओढ्याकाठच्या ‘तण’ होत. तण म्हणून उपटताना शेतकरी त्या ओळखीत होता. खाचर गेले म्हणजे वनस्पतीबरोबर ती ओळखही जाते. कासच्या पठाराजवळील अपोनोजेटन सातारेन्सिस ह्या जातीचे शास्त्रीय वर्णन १९८२ साली झाले. तिच्या तुऱ्याला दोन फांद्या फुटून इंग्रजी ‘वाय’ अक्षराचा आकार होतो, म्हणून मराठीत ती ‘वायतुरा’ झाली. नाव मिळाले म्हणून ती पाहणाऱ्यांच्या नजरेत आली. अशी दुर्मीळ वनस्पती काचपेटीसाठी उपटून आणणे सर्वथा अयोग्य होय.

उलट दिशेची हानीही तितकीच मोठी आहे. दक्षिण अमेरिकेतून शोभेसाठी जगभर नेलेल्या जलपर्णीने उल्हास नदीच्या पात्राची काय अवस्था केली, हे कल्याण-भिवंडीच्या रहिवाशांस सांगावयास नको. काचपेटीतील छाटलेले तुकडे गटारात, तळ्यात वा खाडीत टाकू नयेत; ते उन्हात पूर्ण वाळवून मगच झाडांच्या मुळाशी घालावेत.

सारांश, वनस्पतीस काचपेटीतील शोभेची वस्तू न मानता तिचा प्रकाश, कर्ब, क्षार व ऋतू ह्यांचा हिशेब ठेवावा. आणि तो ठेवता यावा म्हणून तिला तिच्या नावाने ओळखावे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना बोलीतील शब्दसंग्रहासाठी क्षेत्र हवे असेल तर ठाणे जिल्ह्यातील उरलेली भातखाचरे व तळी त्यांच्यासमोर आहेत. तेथील कोणत्या जलवनस्पतीस कोण काय म्हणतो हे नमुन्यासह टिपून घेण्याचे काम वनस्पतिशास्त्र व भाषाशास्त्र ह्या दोन्ही विभागांनी मिळून करण्याजोगे आहे, आणि ते गोदामाचा पुढला पाया खणला जाण्यापूर्वी व्हावयास हवे.